मिठबावकर बाईंची जाहीर माफी

मिठबावकर बाई वर्गात आल्या की आधी डस्टर उचलायच्या. बाई येईपर्यंत मॉनिटरने फळ्यावर 'बोलणाऱ्यांची नावे' लिहून ठेवलेली असत, कुणापुढे एक फुली, कुणापुढे तीन. बाकीच्या बाई ती नावं वाचून एकेकाला बाकावर उभं करत. मिठबावकर बाई न वाचताच सगळं पुसून टाकत, हात झटकत आणि मॉनिटरकडे वळून विचारत, "काय रे, लिहिताना मजा आली?" मॉनिटर खाली मान घालून जागेवर बसायचा. आठवडाभरात आमच्या वर्गात मॉनिटर व्हायला कुणी तयार होईना.

आमची शाळा मुलुंड पूर्वेला, मराठी माध्यमाची. मी नववीत होते ती ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. शाळेच्या भिंतीभर सुविचार रंगवलेले आणि मुलींच्या संडासाला कडी नाही, अशी एकंदर व्यवस्था. हेडसरांच्या तोंडी संस्कार हा शब्द इतका असायचा, की आम्हाला ते शाळेत मिळणारं एखादं खाणं वाटावं. मिठबावकर बाई इंग्रजी शिकवायच्या. मूळच्या देवगडकडच्या. शिकवताना भाषा अगदी पुस्तकी, पण राग आला की थेट मालवणी सुरू. मग "मेल्या, गप रव!" एवढं ऐकलं तरी मागची बाकं सरळ व्हायची. बाईंचे यजमान गिरणी बंद पडल्यापासून घरी बसलेले. घर बाईंच्या नोकरीवर चालायचं, हे साऱ्या मुलुंडला ठाऊक होतं.

ऑफ पिरियडला बाई आम्हाला एका गाजलेल्या इंग्रजी कादंबरीची गोष्ट सांगत. विमान पडतं, बेटावर नुसती मुलं उरतात, मोठं माणूस एकही नाही. आधी सभा घेतात, पुढारी निवडतात, नियम करतात. मग नियमांचा कंटाळा येतो. तोंडं रंगवून डुकरांची शिकार सुरू होते आणि शेवटी आपल्यातल्याच मुलांची. आम्ही घाबरून विचारलं, "बाई, हे खोटं आहे ना?" बाई म्हणाल्या, "गोष्ट खोटी. पोरं खरी."

दाराशी उभ्या हेडसरांनी ते ऐकलं. आत येऊन म्हणाले, "असलं काय सांगता मुलांना? ती गोऱ्यांची पोरं, बोर्डिंगात वाढलेली. आपली मुलं तिन्हीसांजेला शुभंकरोती म्हणतात."

"म्हणतात हो सर," बाई म्हणाल्या. "बहिणीला चिमटे काढत म्हणतात."

आम्ही खदखदून हसलो. हेडसरांना ते झोंबलं.

आणि मग आला स्वयंशासन दिन. शिक्षक दिनाला दहावीची मुलं शिक्षक होतात आणि दिवसभर शाळा चालवतात, तो प्रकार. मुली आयांच्या साड्यांत, मुलगे बापांच्या टायांत. खरे शिक्षक त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये बसायचे. तिथं गुलाबाची फुलं, बटाटेवडे, वेफर्स, पेटीवर नाट्यगीतं. कल्पना झकास आहे, फक्त खाली काय चाललंय हे वर कुणाला कळत नाही. बाई दर वर्षी म्हणायच्या, दोन शिक्षक तरी खाली ठेवा. त्या वर्षीही म्हणाल्या. हेडसर म्हणाले, "बाई, मुलांवर विश्वास ठेवायला शिका." बाई म्हणाल्या, "ठेवते ना सर. जिन्यात उभी राहून ठेवते." त्यावर हेडसरांनी फर्मानच काढलं: शेवटची घंटा होईपर्यंत एकाही शिक्षकाने हॉलबाहेर पडायचं नाही.

त्या दिवसाचा हेडमास्तर होता दहावीचा निखिल. शाळेच्या एका विश्वस्ताचा मुलगा, वक्तृत्वात पहिला, केसांना तेल, आवाजात हेडसरांचीच नक्कल. पहिले दोन तास सगळं गोड चाललं होतं. तिसऱ्या तासाला त्याने 'शिस्त पथक' काढलं. चार दांडगे मुलगे, दंडाला लाल फिती, हातात लाकडी पट्ट्या. चौथ्या तासाला पथकाला डबे जप्त करायचा अधिकार मिळाला. मधल्या सुट्टीत पाचवी-सहावीची मुलं उपाशी बाकांवर उभी होती आणि पथक त्यांच्या डब्यातली पोळी-भाजी खात होतं. कुणी काय केलं म्हणून ही शिक्षा, ते शिक्षा करणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं.

सहावी ब मधला सुहास निखिलच्या टायला हसला. बारका, मोठ्या कानांचा, एका वॉचमनचा मुलगा. त्याला वर्गापुढे उभं केलं आणि सगळ्या सहावी ब ला रांग लावायला सांगितली. एकेकाने यायचं आणि त्याला टपली मारून जायचं. मी पाणी प्यायला खाली आले होते, तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या दोघांनी हळू मारली. पुढच्यांना जोर चढला. काहीजण मारून परत रांगेत शेवटी जाऊन उभे राहत होते, हसत हसत! त्याच्याच बाकावर बसणारी, त्याच्याच डब्यातलं खाणारी कार्टी. मग त्याला खेळाच्या सामानाच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी लावली आणि सगळे दारावर थापा मारत त्याच्या नावाने ओरडायला लागले.

मी जिना चढून हॉलकडे धावले. दारात दहावीचा एक मुलगा पहाऱ्याला. म्हणतो कसा, "आज शिक्षकांना त्रास द्यायचा नाही." आत कुणीतरी गात होतं. मी सगळा जीव घशात आणून "मिठबावकर बाई!" असं किंचाळले. बाई हातातली बशी टाकून बाहेर आल्या. हेडसर मागून "बाई, बसा, बसा" करत राहिले.

कडी काढली तेव्हा सुहास जाळ्यांच्या ढिगामागे अंगाचं मुटकुळं करून बसला होता. चड्डी ओली. निखिल टाय सारखा करत पुढे आला आणि म्हणाला, "बाई, ही शाळेची अंतर्गत बाब आहे." बाईंनी त्याच्या एक सणसणीत थोबाडीत दिली. "मेल्या, आवशीन् ह्यां शिकवल्यान तुका?" पथकाच्या फिती क्षणात खिशात गेल्या, आणि मघाशी टपल्या मारणारे सगळे वाघ आपापल्या बाकांवर हाताची घडी घालून बसले.

मग मोठ्यांचा खेळ सुरू झाला. सुहासच्या वडिलांना बोलावून चहा पाजला आणि 'मुलांचा खेळ होता, जरा जास्त झाला' असं सांगून वाटेला लावलं. तो बिचारा माणूस हात जोडून गेला. निखिलच्या वडिलांना मात्र चहाने भागणार नव्हतं. त्यांच्या लेकाच्या गालाला हात लागला होता! विश्वस्तांची बैठक बसली. बाईंनी सगळ्या शाळेसमोर माफी मागायची, नाहीतर नोकरी सोडायची. सोमवारी प्रार्थनेनंतर माफी. शिक्षकांच्या खोलीत सगळे बाईंना समजावत होते, "मागून टाका हो, दोन शब्दांनी काय जातं? घरी माणसं आहेत खाणारी." ही समजूत घालणारी मंडळी त्या दिवशी वड्यांची दुसरी बशी मागत होती.

तो निखिल आज स्वतः विश्वस्त आहे, आणि दर वर्षी स्वयंशासन दिनाला बालमनावरच्या संस्कारांवर बोलतो. लोक टाळ्या वाजवतात. वाजवोत बापडे.

सोमवारी सगळी शाळा मैदानात उभी. मंचावर हेडसर, विश्वस्त आणि गालाला काहीही न झालेला निखिल. बाई माइकपाशी आल्या. इस्त्रीची सुती साडी, चेहरा नेहमीचा.

"मला माफी मागायला सांगितलंय," बाई म्हणाल्या. "मागते. सुहास, सहावी ब. बाळा, तुला कोंडलं तेव्हा मी वर वडे खात होते. आम्ही सगळेच खात होतो. त्या बेटावरच्या पोरांपाशी मोठं माणूस नव्हतं. तुझ्या डोक्यावर माणसांनी भरलेला मजला होता. मला माफ कर."

हेडसर माइककडे झेपावले. पण आम्ही कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतो. सहावी ब च्या रांगेत सुहासने माइकवर आपलं नाव ऐकलं होतं. बाकीचं त्याला काही कळलंच नव्हतं. तो रांगेतून एक पाऊल बाहेर आला आणि त्याने गुपचूप आपले कान धरले.

बाई माइक तसाच सोडून मंचावरून उतरल्या. मागून हेडसर ओरडत होते, "बाई, हे चालणार नाही! उद्यापासून येऊ नका!" बाईंनी वळूनही पाहिलं नाही. मैदान ओलांडून त्या सुहासपाशी गेल्या, खाली बसल्या आणि त्याचे हात कानांवरून काढले. त्याने ते लगेच परत धरले.

बाईंनी ते पुन्हा काढले, आणि घंटा होऊन आम्ही वर्गात गेलो तरी त्या तिथेच बसून होत्या, त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरून.