हरिओमचं पुढं काय झालं

फोन परवापासून मुका होता. कस्तुराबाईनं तो पोलक्यातून काढला, बगितला, परत खोवला. परत काढला. सोयाबीनच्या ओळींची हातातली पात अर्धी बी निंदून झाली नव्हती, तवर शेजारून दगडाबाई म्हणली, "काय गं, अंडं उबवायलीस का त्या फोनचं?"

"येईनाच गं काई."

"हरिओमचं बी न्हाई?"

"कुनाचंच न्हाई."

गेल्या हिवाळ्यात परभणीच्या एका कॉलेजची पोरं बोरीला कॅम्पला आली होती, नाल्यावर बंधारा घालायला. त्यांच्या भाकरी कस्तुराबाईनं थापल्या. जाताना शिवानी नावाच्या पोरीनं "मावशी, फोटो पाठवते" म्हणून तिचा नंबर कॅम्पच्या व्हॉट्सॲप ग्रुपात टाकला. फोटो आले, पण नंबर काढायचा राहूनच गेला, आन पोरं त्याच ग्रुपवर गप्पा हाणत बसली. कुनाची गाडी चुकली, कुनाचा पेपर गेला, मेसच्या वरणात डाळ शोधून दाखवा. कस्तुराबाईला वाचता येत न्हाई. तिनं बटन दाबून सांगून टाकलं, "लेकरांनो, लिवू नका, बोला. मला ऐकू येतं." मग पोरं बोलायलाच लागली. सवय झाली.

पोरांना वाटायचं, मावशी एकटीच ऐकते. तसं नव्हतं. दुपारी बांधावर भाकरी सोडल्या की फोनचा आवाज पार वर करून तो ठेच्याशेजारी ठेवायचा आन खुरपणीची सगळी टोळी कान लावून बसायची. शिवानी गणितात नापास झाली तवा म्हातारी बायनाबाई मारुतीला नारळ बोलली होती. आन हरिओमचं तर काय विचारूच नका! देवगाव फाट्यावर एक पोरगी गाडीत चढायची, ती त्याला लय आवडायची, आन तो रोज म्हणायचा, उद्या विचारतो. बाया निंदता निंदता त्याच्यावरून भांडायच्या. आज विचारलं असंल. हट, त्याच्यात कुठला दम!

आन मग एका दुपारी त्याचा आवाज आला. "विचारलं मी. ती म्हणली, सांगते." कस्तुराबाईनं तितंच बांधावर बसून त्याला बोलून पाठवलं. तवापासून ग्रुप गप.

"सांगते म्हणजे काय गं?" दगडाबाईचा नुसता जीव जळायला होता. "हो का न्हाई? लटकून ठिवलं की आपल्याला!"

कस्तुराबाईला भलतंच सुचायला लागलं. पोरं आजारी पडली का? गाडीला काई झालं का? तव्यावर भाकरी करपली तरी तिला कळलं न्हाई. बाजाराच्या दिवशी पिशवी तशीच रिकामी घेऊन ती मोबाईलच्या दुकानात गेली. दुकानदारानं फोन उलटापालटा केला.

"रिचार्ज हाय, नेट हाय. फोनला काई झालं न्हाई, मावशी."

"मग पोरं कामून बोलंनात?"

"दुसरा ग्रुप केला असंल. तुमाला सोडून." मिरची महागली म्हणून सांगावं तसं त्यानं सांगितलं. "हे बगा, तुमचंच बोलणं शेवटचं हाय." आन लावलं.

तिचाच आवाज. 'हरिओम बाळा, घाबरू नको, देव हाय.' आन मागून टिपेला दगडाबाई, 'त्या येडपटाला म्हणावं गप बसू नको, न्हाईतर शिवानीच्या गणितावानी व्हईल!' मग आख्ख्या टोळीचं खदखदून हसणं.

दुकानातलं गिऱ्हाईक बी हसलं. कस्तुराबाईनं झटकन फोन ओढून घेतला. पोरांनी हे ऐकलं. आपलं पोटातलं सगळ्या शिवारानं ऐकलंय, हे पोरांना कळलं.

दुसऱ्या दिवशी रानात पाय ठेवल्या ठेवल्या ती दगडाबाईवर तुटून पडली. "तुझ्या तोंडानं घालवलीस माझी लेकरं!"

"आन मोठ्यानं कोण लावत होतं? मी का तू?"

दोघी खाली मान घालून अशा निंदायला लागल्या की तणासंगं सोयाबीन बी उपटून यायलं.

"बायांनो, पीक ठिवा," बायनाबाई मागून म्हणली. "आन ऐका. आपण सावडीनं जातो का न्हाई एकमेकीच्या रानात? आज मी तुझ्या, उद्या तू माझ्या. ह्या पोरांचं आपण बखळ ऐकलं. आपलं त्यांना काय सांगितलं? सावड फिटली न्हाई आपली."

मग दगडाबाईनं फोन ओढला आन पार तोंडाला लावला.

"हरिओम, मी दगडाबाई. ती बोललेली मीच. माझ्या मायची आधीची लेकरं जगली न्हाईत, म्हणून माझं नाव दगड ठिवलं, ही तरी दगडावानी टिकावी म्हणून. मालक बगायला आला, आन नाव ऐकून पोट धरून हसला. संसार झाला, नातवंडं झाली, पण ते हसणं आजून टोचतं. मालकाला बी सांगितलं न्हाई कधी. तुला सांगितलं."

बायनाबाई म्हणली, "मला शुगर हाय. सुनेच्या चोरून गूळ खाते. बस, येवढंच."

मग कस्तुराबाईनं फोन घेतला. बटन दाबलं.

"मोठ्यानं लावलं, चुकलं माझं. माझी दोनी लेकरं पुण्याला हायत. फोन करतेत, पण कामापुरता. तुमी बिनकामाचं बोलायचे रे. ते एकटीनं ऐकू वाटंना."

पात सरली. दुसरी लागली. ती दर हाताला पोलकं चाचपायची. काईच न्हाई. दगडाबाई म्हणली, "बग की." बगितलं. काईच न्हाई.

उन्हं कलल्यावर फोन गुरगुरला. खुरपी तितंच थांबली. कस्तुराबाईच्या आधी बायनाबाईनंच बटन दाबलं.

हरिओमच होता. "मावशी, मोठ्यानं लावा. सगळ्यांना ऐकू द्या. ती न्हाई म्हणली."

कुनी हसलं न्हाई. दगडाबाईनं मातीचा हात लुगड्याला पुसला आन फोन जवळ घेतला.

"हरिओम," ती म्हणली, "जेवलास का रं?"