न बोलणारी मुलगी
ताज्या मेथीचा वास आला की मला वलगावची एक अंगणवाडी आठवते. मुलांच्या प्रगतीची नोंद म्हणून सेविकांना मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ काढायला शिकवण्यासाठी मी तिथे गेले होते. चार वर्षांची एक मुलगी दिवसभरात एक शब्दही बोलली नाही, म्हणून मी नोंदीत ‘बोलता येत नाही’ असं लिहायला घेतलं. वयस्क सेविकेनं माझा हात धरला. “थांबा मॅडम, आजच लिहू नोका.” दुसऱ्या दिवशी सेविकेनं आदल्या संध्याकाळी काढलेला व्हिडिओ माझ्यापुढे धरला. मळ्यात मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या आईशी तीच मुलगी अखंड बडबडत होती. “घरी लय बोलते, मॅडम. इथं तिले तुमचं भेव लागते.” मी खजील झाले. आता कुठल्याही मुलाबद्दल लिहिण्याआधी मी त्याच्या घरी जाऊन बसते.