पनवेलच्या फोटोतली चार बोटं

खरं सांगते, जायचं नव्हतं. तीस वर्षं फोटो स्टुडिओत टचिंग करून, म्हणजे फोटोतलं नको ते पुसून पुसून, डोळे आणि कंबर दोन्ही कामातून गेलेत. पण आईच्या जुन्या मैत्रिणीने, पनवेलच्या जैनबखालांनी तिसऱ्यांदा फोन केला. "बेटा, घर पाडायला काढलंय. माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाचा तान्हेपणीचा फोटो आहे, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा. बाळ मेल्यावर काढलाय म्हणतात. मुलगा म्हणतो, मय्यतचा फोटो नव्या घरात नको. तू एकदा बघ." झालं, निघाले.

पुण्याहून जुन्या हायवेची साधी एसटी पकडली. जाणार असाल तर एक्सप्रेसवेचीच घ्या, माझ्यासारखा शहाणपणा करू नका. पळस्प्याला ट्रॅफिकमध्ये पाऊण तास नुसते उभे होतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "रोजचंच हाय, झोपा तुमी." झोप कसली! स्टँडवरून रिक्षा करताना भाडं आधी ठरवा. मी ठरवलं नाही आणि मग हुज्जत घालायचं त्राणही उरलं नव्हतं.

खालांकडे तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण तयार होतं. जेवणासाठी तरी जाच, असं ते कालवण. हात धुतल्यावर त्यांनी ट्रंकेतून फोटो काढला. मुंबईच्या कुठल्याशा स्टुडिओतला. रंगवलेला पडदा, पडद्यावर खांब, मधोमध सहा-सात महिन्यांचं बाळ. मागे काळ्या कापडाखाली एक उंच आकार. बाळाचा डावा हात धुरासारखा पुसट.

"मागे मौत उभी आहे म्हणतात," खालांचा मुलगा इम्तियाज म्हणाला. "आणि हात बघा, रूह निघतेय, जीव बाहेर पडतोय."

मी भिंग लावलं. उजेड वरून, डावीकडून येत होता, म्हणजे स्टुडिओच्या काचेच्या छताचा. दोन्ही डोळ्यांत एकाच जागी त्या उजेडाचा पांढरा ठिपका. मेलेल्याच्या मिटलेल्या पापण्यांवर मागाहून डोळे रंगवले तर असा ठिपका इतका नेमका बसत नाही. आणि हात? तेव्हा फोटोला काही सेकंद लागायचे. "अहो, हात हलला म्हणून पुसट आलाय," मी म्हटलं. "मेलेलं मूल हात हलवतं का? जिवंत आहे हे!"

"मग मागे कोण?" खालांनी विचारलं.

बाळाच्या कमरेला चार बोटं होती. एका बोटात चांदीचं वळं. "आई. बाळ हलू नये म्हणून तिने धरलंय. फोटोत फक्त बाळ दिसावं, म्हणून तिच्यावर कापड टाकलंय."

खालांनी भिंग घेऊन त्या बोटांवर कितीतरी वेळ ठेवलं. "आमच्या पणजीचा एकही फोटो नाही म्हणायचे," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. इम्तियाजने फोटो उचलला, कपड्यात गुंडाळला आणि नव्या घरी न्यायच्या काचसामानाच्या खोक्यात सगळ्यात वर ठेवला.

येताना एक्सप्रेसवेची गाडी मिळाली, तरी घरी पोचेपर्यंत पाय सुजले. चहा टाकला आणि लेकीचा पहिला पासपोर्ट शोधून काढला. त्यातल्या फोटोत चार महिन्यांची होती. मी पांढरी चादर अंगावर घेऊन तिला मांडीवर धरलं होतं, खालांच्या पणजीसारखंच. फोटोचं टचिंग मीच केलं होतं, आणि काम फार सफाईदार होतं. भिंग लावून बघितलं. तिच्या काखेखाली माझं एकही बोट राहिलेलं नाही.