नळी टेकता कामा नये

जगातल्या सगळ्या दुःखाचं मूळ शोधायला लोक हिमालयात जातात. आमच्या भाऊजींना ते कोनगावात, घरच्या ओट्यावर बसल्या बसल्या सापडलं होतं. ते मूळ म्हणजे टेकणं. एक वस्तू दुसरीला टेकली की बिघाड आलाच, असं त्यांचं ठाम मत, आणि ते त्यांना एका बंदुकीने शिकवलं होतं. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. भिवंडीत लूमवर फिटर. सहा दिवस मागांच्या खडखडाटात काढून सातव्या दिवशी हा गृहस्थ आणखी आवाज ऐकायला रायफल क्लबात जायचा! परवाना, एका निवृत्त सुभेदाराकडून घेतलेली जुनी पॉइंट टू-टू रायफल, सगळं कसं रीतसर होतं. नव्हता तो फक्त नेम. जिल्ह्याच्या स्पर्धेतून एकदा, आयुष्यात फक्त एकदा, राज्याच्या स्पर्धेला जायचं एवढीच त्यांची देवाकडे मागणी होती, आणि दर वर्षी ते थोडक्यात राहायचे. सुरुवातीला दोष वाऱ्याचा होता. मग काडतुसांचा झाला. ऐंशीचं दशक सरता सरता त्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं की बंदुकीची नळी लाकडी दस्त्याला टेकत असेल, तर गोळी सुटताना ती थरथरते, तापते, आणि लाकूड तिला दर वेळी वेगळीकडे ढकलतं. म्हणून नळी मागे पक्की आवळायची आणि पुढे तिच्याखालचं लाकूड कोरून तिला अधांतरी सोडायची. झालं! त्या दिवसापासून ताईच्या घरात सुतारकाम सुरू झालं ते तीन महिने संपेना. ओटीवर भुसा, डाळीत भुसा, भाऊजींच्या मिशीत भुसा.

तपासायची रीत अशी, की नळी आणि लाकूड यांच्यामधून जाड कागद सरकवायचा. तो कुठे अडता कामा नये. ह्या कामाला लग्नपत्रिकेइतका उत्तम कागद नाही, असा त्यांचा शोध. त्यामुळे घरात पत्रिका आली की मुहूर्त न बघता ते आधी तिची जाडी बघत. माझ्या लग्नाची पत्रिका त्यांनी तेलकट बोटांनी परत दिली आणि म्हणाले, "छान आहे, पण जरा पातळ पडते." पुढे पुढे हे खूळ बंदुकीपुरतं राहिलं नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आलं. पलंग आला. एसटीत जागा मिळाली तरी ते पाठ न टेकता ताठ बसून राहत, आणि शेजारच्याला वाटे ह्यांना काहीतरी दुखणं आहे. कारखान्यातही ते मागांचे भाग सुटे करायच्या नादाला लागले, तेव्हा शेठ हात जोडून म्हणाले, "फिटर साहब, सब कुछ छूटा रहेगा तो कपड़ा कौन बुनेगा?" भाऊजींनी शेठला अडाणी ठरवलं.

ताईचं म्हणणं मात्र निराळं होतं. भाऊजी बशीत चहा ओतायला जात आणि तो सतरंजीवर पडे; दोष अर्थातच बशीचा. ताई म्हणायची, "बंदुकीचं ऱ्हाऊ द्या, आधी डोळे दाखवा. तुम्हाला धड दिसत न्हाय." भाऊजी हसून कानस घासत राहत. बायकांना यंत्रातलं काय कळतं, असं त्यांचं म्हणणं, आणि मेल्याने मीही तेव्हा मान डोलावली. शेवटी वैतागून ताईने निकाल दिला, की ह्या वर्षी शेवटची स्पर्धा. निवड झाली तर झाली, नाहीतर बंदूक कपाटात.

स्पर्धेला मी सोबत गेलो होतो. पत्रिका नळीखालून अगदी लोण्यासारखी फिरली. भाऊजींनी सात नंबरच्या निशाण्यासमोर उभं राहून दहा गोळ्या झाडल्या, आणि इतक्या शांतपणे झाडल्या की माझाच ऊर भरून आला. वाटलं, मारलं मैदान! मग पंच निशाण्यांचे कागद घेऊन आले. सात नंबरचा कागद कोरा होता. एकही भोक नाही. शेजारच्या आठ नंबरवर कल्याणची एक कॉलेजातली मुलगी होती. तिच्या कागदावर भोकं वीस. तिची दहा इकडेतिकडे पसरलेली, आणि बरोबर मधोमध, आठ आण्याच्या नाण्याखाली झाकली जातील अशी, दुसरी दहा. सगळे पोट धरून हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसलो.

भाऊजींनी तो कागद मागून घेतला. डोळ्यांशी नेला, लांब धरला, परत जवळ आणला. नंतर बोटानेच ती भोकं चाचपली. मग मला म्हणाले, "बंदुकीत काय पण खोट नव्हती रे. एवढी वर्षं मी तिलाच कोसत बसलो."

शेवटी डोळे दाखवले, तर मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, पण उजव्या डोळ्याला पहिली धार काही आली नाही. पुढच्या वर्षी ती कल्याणची मुलगी वडिलांना घेऊन कोनला आली, बंदूक विकत द्याल का विचारायला. वाटलं, भाऊजी तिला दारातूनच परत पाठवतील. पण त्यांनी तिला दोन तास बसवून सगळं समजावलं. परवान्याची कागदपत्रं झाल्यावर ती बंदूक न्यायला आली, आणि निघताना पाया पडली, तेव्हा त्यांनी तिला एवढंच विचारलं, "डोळे तपासून घेतेस ना गं?"

काका थट्टा करताहेत असं वाटून पोरगी खळखळून हसली. ताई पदर तोंडाला लावून आत गेली. आणि मी, इतकी वर्षं त्यांना हसलेला माणूस, त्या दिवशी मान वर करून त्यांच्याकडे बघू शकलो नाही.