ध्यानाचा पहारा

मॅट्रिक झाल्यावर, लग्न ठरेपर्यंत, वडिलांनी मला रेवसजवळच्या एका गावी मित्राच्या शाळेत शिकवायला ठेवलं. मित्र म्हणजे तिथले हेडमास्तर. राहायचं त्यांच्याच घरी, मागच्या खोलीत. शाळेत जातायेताना त्यांच्या मागे चालायचं.

इंग्रजी शाळेतलं माझं मराठी पुस्तकी. पहिल्याच दिवशी मी वर्गाला म्हणाले, "आता आपण ध्यान करू."

मागून कोणीतरी पुटपुटलं, "आनखी कशाला? एक ध्यान हुबंच हाय की समोर."

सगळे खिदळले. गबाळ्या माणसालाही ध्यान म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं.

प्रार्थनेनंतर मुलांनी डोळे मिटून स्वस्थ बसायचं, असा हेडमास्तरांचा नेम होता. "मन स्थिर झालं की माणूस खोटं बोलत नाही," ते सांगत. मुलांची मनं स्थिर आहेत ना, हे पाहायला मी भिंतीशी उभी. जो डोळे उघडेल त्याचं नाव मी सांगायचं, मग छडी. मी सांगत असे. नाही म्हणायला मराठीत शब्द सुचत नव्हते. इंग्रजीतही सुचले नसते.

एकदा खिडकीशी बसणाऱ्या कोळ्याच्या मुलीने डोळे उघडलेले दिसले. तिचं नाव मी गिळलं. सुट्टीत तिला गाठून कारण विचारलं.

"आयेनं सांगलंय, बोंबील वालत घातलेत, कावल्यांवर नजर ठेव. डोले मिटून कशी ठेवू?" मग जरा थांबून म्हणाली, "बाई, तुमालापन नजरच ठेवायला सांगलंय ना? मंग तुमी ध्यान कवा करता?"

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपली आणि मी उभ्या उभ्याच डोळे मिटले. शांत वगैरे काही वाटलं नाही. सुक्या मासळीचा वास येत होता.

"बाई, कोणी उघडले?" हेडमास्तरांनी विचारलं.

"माहीत नाही. माझे मिटलेले होते."

कोणी हसलं नाही. हेडमास्तर म्हणाले, "बरं. उद्यापासून तुम्ही मुलांत बसा. मी बघतो."

दुसऱ्या दिवशी मी खिडकीशी, त्या मुलीशेजारी बसले. डोळे मिटले. हेडमास्तरांच्या वहाणा वाजत आल्या आणि आमच्यासमोर थांबल्या. बाहेर कावळे ओरडायला लागले. शेजारी चुळबुळ झाली. मी न बघताच तिचा हात घट्ट धरला.

वहाणा काही हलेनात.