टेंभुर्णीच्या तलावावरचे चार कर्णे

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात टेंभुर्णीच्या शिवारात पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं, तेव्हा साहेबराव हिवाळे पहिला महिनाभर कुदळीवर होता. चार-पाच गावांची माणसं त्या कामावर पोटाला लागलेली, हजेरी चार हजारांच्या घरात. सांडव्याच्या जागी कातळ लागला आणि सुरुंग लावायची वेळ आली. सुरुंगाच्या आधी माणसं हटवायला म्हणून खात्यानं बॅटरीवर चालणारं लाऊडस्पीकरचं मशीन आणि एक कर्णा धाडून दिला.

मशीन सांभाळायला थोडं शिकलेला माणूस पाहिजे होता. साहेबराव चौथी पास. शिवाय बौद्धवाड्यात वंदना तोच घ्यायचा, आणि त्याचा आवाज पार नदीपर्यंत जातो हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुकादम पुंजारामनं त्याचंच नाव सुचवलं. मशीन घेऊन आलेल्या माणसानं मागच्या बाजूला दोन तारा जोडून दिल्या, बटण दाखवलं आणि तो जीपमध्ये बसून निघून गेला.

एक कर्णा होता तोवर सगळं सुरळीत चाललं. पण काम पसरत गेलं. पाळूचं, म्हणजे तलावाच्या बांधाचं, पल्याडचं टोक अर्ध्या मैलावर गेलं, तिथं आवाज पोचेना. मग खात्यानं आणखी तीन कर्णे पाठवले. मधल्या टेकाडावर बल्ली उभी करून साहेबरावनं चारी कर्णे चार दिशांना बांधले आणि त्यांच्या तारा मशीनवरच्या पहिल्या कर्ण्याच्याच दोन स्क्रूंना एकत्र पिळून टाकल्या. चार कर्णे, म्हणजे चौपट आवाज. त्यात विचार काय करायचा?

दुपारी सुरुंगाची वेळ झाली. पुंजारामनं हात केला, सुरुंगाच्या माणसानं बत्ती लावली. साहेबराव माइकवर ओरडला, "सगळ्यांनी वढ्याच्या पल्याड..."

आवाज आधी फाटला, मग घशात काही अडकल्यासारखा घरघरला आणि बंद झाला. मशीनला हात लावला तर चटका बसला.

जवळची माणसं हटली होती. पण पल्याडच्या टोकाला गिरिजाबाई नावाची म्हातारी पाठमोरी होऊन पाटीत माती भरत होती. साहेबराव माइक टाकून पळत सुटला. हाका मारून छाती फुटायची वेळ आली, तरी तिनं मान वर केली नाही. धडाका झाला. डोक्याएवढा धोंडा तिच्या पुढ्यातल्या पाटीवर आदळला, पाटीचा चेंदामेंदा झाला आणि दगडाची एक कपरी तिच्या नडगीत घुसली.

म्हातारी वाचली. साहेबराव तिच्यापाशी पोचला तेव्हा ती लुगड्याचा पदर पायाला दाबून बसली होती. "मला ऐकूच न्हाई आलं रे बाबा," एवढंच ती म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ओव्हरशियरची चिठ्ठी घेऊन, मशीन मांडीवर आणि दोन कर्णे एसटीच्या टपावर टाकून तो जालन्याला गेला. तिथल्या मस्तगड भागात शरदचंद्र देशपांडे नावाचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ होते. पन्नाशीचे, जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी मशीन उघडलं, वास घेतला आणि मान हलवली.

"याच्यावर किती कर्णे लावले होते तुम्ही?"

"चार."

"आणि तारा कुठल्या स्क्रूला?"

साहेबरावनं बोट ठेवलं. मशीनच्या पाठीवर स्क्रूंची ओळ होती. एका स्क्रूखाली काहीच लिहिलेलं नव्हतं, बाकीच्यांखाली चार, आठ, सोळा असे आकडे. त्याचं बोट सोळावर होतं. रोज दिसणाऱ्या त्या आकड्यांकडे त्यानं कधी नीट पाहिलंही नव्हतं.

"हे ओहम आहेत," शरदचंद्र म्हणाले.

"ओम? देवळातला?"

शरदचंद्र मनापासून हसले. "नाही हो, साहेबराव. एका जर्मन मास्तराचं नाव आहे. वीज जाताना तिला वाटेत किती अडवणूक होते, त्याचं हे माप. आता कर्ण्याच्या बुडाला काय लिहिलंय वाचा."

"सोळा."

त्यांनी मीटरच्या दोन सळया त्याच्याच हातात दिल्या. साहेबरावनं त्या एका कर्ण्याच्या तारांना टेकवल्या. काटा हलून एका जागी थांबला. मग शरदचंद्रांनी दुसरा कर्णा त्याच तारांना जोडला. "आता टेकवा."

काटा निम्म्यावर आला.

साहेबरावनं सळया उचलल्या, परत टेकवल्या. पुन्हा निम्मंच. "काका, हे उलटं होऊन राह्यलं. एकावर एक कर्णा वाढवला तर आकडा वाढायला पाह्यजे. हा तर घटला!"

"टॉकीज सुटते तेव्हा काय होतं? एकच दार उघडं असलं तर माणसं अडतात. चारी दारं उघडली तर?"

"भसाभस बाहेर येतात."

"मग अडवणूक वाढली का घटली?"

बाहेर टांगे खडखडत होते, ते साहेबरावला ऐकू येत नव्हते. एका कर्ण्याचे सोळा. दोघांचे आठ. चौघांचे... तो हळूच म्हणाला, "चार."

"बरोबर. आणि तुम्ही मशीनला सांगून ठेवलं होतं की पुढं सोळा आहेत. त्या बिचाऱ्यानं तेवढ्याच तयारीनं जोर लावला. पुढं दारं चार! वीज धो धो वाहिली आणि मशीन आतून जळालं."

जळालेला सुटा भाग त्यांनी बदलला, फ्यूज घातला. निघताना म्हणाले, "मशीन टेकाडावर कर्ण्यांच्या जवळच ठेवा. लांब तारही अडवते."

एसटीत साहेबराव मशीन पोटाशी धरून बसला. त्या आकड्यांवर तो पुन्हा पुन्हा बोट फिरवत होता. डोळ्यांना न दिसणारी वस्तू, आणि तिचाही हिशेब इतका चोख! कुणी माणूस ती मोजतो, आकडा लिहून ठेवतो, आणि तो आकडा टेंभुर्णीच्या उन्हातही खरा ठरतो. त्याच्या अंगावर काटा आला. शेजारच्यानं विचारलं, "थंडी वाजून राह्यली का?" मे महिना होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं चारी कर्ण्यांच्या तारा चारच्या स्क्रूला आवळल्या. तीनदा तपासल्या. पुंजाराम जवळ येऊन उभा राहिला. "आता बत्ती तू सांगशील तवाच," तो म्हणाला.

साहेबरावनं माइक तोंडाशी धरला. ओरडायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. घरात बोलावं तसं तो बोलला. "बायांनो, बाप्यांनो, हातातलं काम ठेवा. वढ्याच्या पल्याड चला."

आवाज स्वच्छ निघाला. क्षणभरानं समोरच्या डोंगराला लागून तोच आवाज परत आला, जणू पलीकडून दुसराच कुणी साहेबराव बोलत होता. आणि चार हजार माणसं उभी राहिली. कुदळी थांबल्या. डोक्यावरच्या पाट्या उतरल्या. पार शेवटच्या टोकाची, मुंगीएवढी दिसणारी माणसंही ओढ्याकडं वळली. पाटलाच्या घरचे होते, बौद्धवाड्यातले होते, सगळे एका शब्दावर निघाले.

त्याच्या बापानं गावकीच्या चाकरीत असताना दवंडी दिली होती. दुसऱ्याचा हुकूम, दुसऱ्याचे शब्द, आणि उभं राहायचं ते चावडीच्या पायरीच्या खाली.

"कोणी राह्यलं का?" पुंजारामनं विचारलं.

साहेबरावनं चारी दिशांना पाहिलं. "कोणी न्हाई. लावा बत्ती."

काम संपेपर्यंत सुरुंगानं पुन्हा कुणाला ओरखडा उठला नाही. तलाव झाला, मशीन खात्याकडं गेलं. पण साहेबराव लाऊडस्पीकरच्या नादातून बाहेर आलाच नाही. बायको कौसल्याबरोबर त्यानं हळूहळू स्वतःचा संच जमवला. लग्नं, सभा, जयंत्या, सगळीकडं बोलावणं येऊ लागलं. अठ्ठ्याहत्तर साली जांब समर्थच्या यात्रेतसुद्धा लाऊडस्पीकर त्याचाच होता.

त्या यात्रेत तीनेक वर्षांची एक पोरगी हरवली. नाव शिवकन्या, एवढंच तिला सांगता येई. गाव ठाऊक नाही, बापाचं नाव ठाऊक नाही. साहेबरावनं दोनदा पुकारा केला, कुणी आलं नाही. तेव्हा कौसल्यानं पोरीला कडेवर घेतलं आणि माइक तिच्या तोंडाशी नेला. पोरगी हुंदका देत म्हणाली, "आये."

एवढ्या गर्दीत कितीतरी आया असतील. पण बांगड्यांच्या दुकानांमधून एकच बाई हातातलं सगळं टाकून, माणसांना ढकलत, थेट कर्ण्यांच्या बल्लीच्या दिशेनं धावत आली.