आमच्या सासऱ्यांचा पुढला

गोखिवऱ्यापासून विरारपर्यंत स्वतःच्या कुत्र्याचा इतका अभिमान बाळगणारा माणूस आमच्या सासऱ्यांच्या आधी झाला नाही, आणि नंतरही होईल असं वाटत नाही. खरं तर कुत्रं म्हटलं की नाक मुरडणारे हे गृहस्थ. नव्वदच्या दशकात गोखिवऱ्यात इमारती उगवत होत्या तेव्हा आम्ही इथं राहायला आलो. त्याच वर्षी माझ्या नवऱ्यानं ऑफिसातल्या साहेबांच्या घरून एक कुरळं पिल्लू पिशवीत घालून आणलं. "हे पायपुसणं कशाला?" बाबांनी विचारलं. नवरा म्हणाला, "बाबा, पूडल आहे. म्हणजे अर्धं." बाबांनी जन्मभर शाळेत मराठी शिकवलेलं. त्यांनी ऐकलं 'पुढला', आणि शब्द अस्सल मराठी म्हणून पसंत केला. आठवड्याभरात पायपुसणं त्यांच्या मांडीवर चढलं.

पुढे बाबांचा विक्षिप्तपणा वाढतच गेला. पुढल्याशिवाय ते जिना उतरेनात. तो ऐटीत पुढे, हे साखळी धरून मागे. कोपऱ्यावरच्या उघड्या गटारापाशी तो थांबून मागे बघायचा. "विचार करतो तो. तुमच्यासारखा धावत सुटत नाही," असं बाबा आम्हाला ऐकवायचे. वसईच्या होळी बाजारातून भाजी घेऊन येणारी मावशी एकदा म्हणाली, "मास्तर, पुढला ह्यो, मंग मागला कोन?"

"मागला मी!" बाबा छाती फुगवून म्हणाले.

घरात पेपर नातीनं मोठ्यानं वाचायचा, कारण त्यानं उच्चार सुधारतात. दारात आलेल्यानं आधी नाव सांगायचं, कारण ती सभ्यता. एकदा मीच बाजारातून आले, तर बाबांनी विचारलं, "कोण आपण?" मी म्हटलं, "बाबा, मी, तुमची सून." "सुनेलाही नाव असतं," ते म्हणाले. हा किस्सा मी हसत हसत साऱ्या बिल्डिंगला सांगितला.

मग पुढल्यानं सेक्रेटरींच्या नव्या कोऱ्या स्कूटरवर पाय वर केला आणि सोसायटीची सभा भरली. कुत्रं आठ दिवसांत बाहेर, असा ठराव लिहूनच आणला होता. "मास्तर, वाचा आणि सही करा." बाबा उठले आणि कागद धरून खड्या आवाजात वाचू लागले, "सदर श्वान शांत, सुशील व निष्ठावान असून…" सगळे हसले. मीही हसले. मग माझं लक्ष गेलं. कागद उलटा धरला होता.

सेक्रेटरींनाही ते दिसलं. "मास्तर, कागद…" ते हळूच म्हणाले.

बाबा थांबले. "काचबिंदू. दीड वर्ष झालं, नुसता उजेड कळतो. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले डॉक्टर. घरी सांगितलं असतं तर यांनी मला खुर्चीत बसवलं असतं. या पुढल्यानं मला चालवलं. हा गेला की मी बसलोच."

सेक्रेटरींनी कागद त्यांच्या हातातून घेतला आणि फाडून टाकला.

घरात धड डोळ्यांची आम्ही तीन माणसं, आणि दिसलं ते कुत्र्याला. मला फार लाज वाटली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती जोडी निघाली तेव्हा मी मुद्दाम गॅलरीत उभी राहिले आणि दिसेल त्याला सांगत सुटले, "ते माझे सासरे, आणि तो आमचा पुढला!"

बाबा गेल्यावर साखळी माझ्या हातात आली. तोवर कोपऱ्यावरच्या गटारावर फरशी पडली होती. तरी पुढला तिथं थांबायचा, मागे वळायचा आणि माझ्या पलीकडे बघत राहायचा.

"चल बाळा," मी म्हणायचे, "आता मागली मी."